खाँसाहेबांचा सूर आणि डॅकची गाळणी

अब्दुल करीम खाँ जन्मले १८७२ साली, उत्तरेतल्या कैराना गावी, पण आपल्याला ते मिरजेचेच वाटतात. मधे बडोदा आहे. तिथे ते दरबारी गायक होते आणि तिथूनच ताराबाई माने यांच्याबरोबर त्यांनी मुंबई गाठली. बडोदा-मुंबई वाट आमच्या सुरतेवरून जाते, एवढाच आम्हा सुरतकरांचा त्यांच्यावर हक्क! हिराबाई बडोदेकर, सुरेशबाबू माने, सरस्वती राणे ही त्यांची मुलं, आणि सवाई गंधर्व शिष्य.

सुराच्या बाबतीत माणूस हट्टी. वाद्यं स्वतः दुरुस्त करायचे. कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुती मोजत होते, तेव्हा त्या कामाला खाँसाहेबांचा गळा उपयोगी पडला. अशा माणसाचं गाणं आपल्यापर्यंत पोचलं ते जेमतेम तीन मिनिटांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांतून.

आता त्या तबकड्यांच्या फायली झाल्यात. सीडीच्या हिशेबात सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतात, त्यामुळे २२,०५० हर्ट्झच्या वरचं काही टिकत नाही. या आकड्यांचा पुन्हा आवाज करतो तो डॅक, आणि त्यात एक डिजिटल फिल्टर असतो, गाळणीसारखा. माझ्या डॅकवर तो बदलता येतो. एका प्रकारात प्रत्येक तीक्ष्ण ठोक्याच्या आधी आणि नंतर बारीकशी थरथर उमटते. दुसऱ्यात ती सगळी ठोक्यानंतर जाते. खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी मी दोन्हींवर ऐकली. खरं सांगू? फरक कळला नाही. कळणार कसा! ती थरथर २२,००० हर्ट्झच्या आसपासची, आणि जुन्या तबकडीवर एवढ्या उंचीचं गाणंच नसतं.

घात होतो तो अलीकडे, खरखर काढणाऱ्या फिल्टरने. तंबोऱ्याच्या जवारीतले वरचे बारीक स्वर त्या खरखरीतच मिसळलेले असतात; खरखर पुसली की तेही पुसले जातात, आणि खाँसाहेबांचा धारदार आवाज कापसात गुंडाळल्यासारखा येतो. ज्यांनी जन्मभर जवारी जपली त्यांच्यावर हा अन्यायच. मी खरखरीसकटची फाईल ठेवलीय.

१९३७ च्या ऑक्टोबरात पाँडिचेरीला जाताना त्यांना गाडीत बरं वाटेना. सिंगपेरुमाळ कोविल स्टेशनवर उतरले. तिथेच फलाटावर बसून त्यांनी दरबारीत नमाज गायला आणि प्राण सोडला, असं सांगतात. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. उरुसात अजून तिथे गवई हजेरी लावतात.