सबवेतला खडू, बाटलीवरचा मेंढा

समजा, तुम्हाला एक असाइनमेंट आली. वाइनच्या बाटलीचं लेबल करायचंय. जागा किती, तर लेबलच्या वरच्या भागातली तळहाताएवढी पट्टी. वाइन मात्र साधीसुधी नाही, फ्रान्समधल्या सगळ्यात महागड्या वाइन्सपैकी एक. आणि तुमच्याआधी त्या जागेवर पिकासो, दाली, मिरो, शगाल यांची चित्रं झळकून गेलीत. तुमचा अनुभव काय? तर भुयारी रेल्वेच्या स्टेशनांवर, कुणाची परवानगी न घेता, खडूने काढलेली चित्रं!

घाम फुटला ना? कीथ हॅरिंगला असंच काम मिळालं होतं. त्याचं नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण चित्र नक्की पाहिलंय. टी-शर्टवर, बॅगवर, कुणाच्या तरी मोबाइल कव्हरवर. जाड काळ्या रेषेतली, बिनचेहऱ्याची, नाचणारी माणसं. रांगणारं बाळ आणि त्याच्याभोवती किरणं. भुंकणारा चौकोनी कुत्रा. ते सगळं त्याचं.

कॉलेज सोडलं, चित्र नाही

कीथचा जन्म ४ मे १९५८ चा, अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातला. कुट्झटाऊन नावाच्या छोट्या गावात तो वाढला. वडील इंजिनीअर, पण हौसेने कार्टून काढायचे. लेकाच्या हाताला वळण लागलं ते तिथूनच. डिस्नीची कार्टून्स, डॉ. स्यूसची पुस्तकं हे त्याचं बालपण.

पुढे १९७६ मध्ये पिट्सबर्गला कमर्शियल आर्टच्या कॉलेजात अॅडमिशन घेतली. दोन सेमिस्टरमध्ये त्याला कळून चुकलं, की आपण इथले नाही. कॉलेज सोडलं, पण चित्रकला नाही सोडली. १९७८ मध्ये तिथल्याच एका कला केंद्रात त्याचं प्रदर्शन लागलं आणि त्याच वर्षी स्वारी न्यूयॉर्कला पोहोचली. ‘स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्स’मध्ये शिकताना केनी शार्फ, जाँ-मिशेल बास्किया असे दोस्त भेटले. त्या काळात न्यूयॉर्कच्या भिंती आणि रेल्वेचे डबे ग्राफिटीने रंगलेले असायचे. गॅलरीबाहेरही चित्रकला जिवंत आहे, हे कीथला रोज दिसत होतं.

काळा कागद, पांढरा खडू

१९८० मध्ये सबवेच्या स्टेशनवर त्याला एक गोष्ट दिसली. जाहिरातीची मुदत संपली, की त्या फलकावर काळा कागद चिकटवायचे. नवी जाहिरात येईपर्यंत तो तसाच कोरा. बाकीच्यांना तो रिकामा फलक वाटायचा, कीथला तो फळा वाटला. मग काय, वर जाऊन पांढरा खडू घेतला आणि झाला सुरू!

आता यातली गंमत बघा. खडूची रेष खोडली तर काळ्या कागदावर डाग राहतो, म्हणजे चुकायला वाव नाही. पोलिस कधीही येणार, म्हणजे काम मिनिटांत उरकायचं. आणि बघणारा माणूस लोकल पकडायच्या घाईत, म्हणजे चित्र एका नजरेत कळलं पाहिजे. या तीन अडचणींनी मिळून त्याची शैली घडवली. एकच सलग रेष, शेडिंग नाही, डोळे-नाक नाही, नुसती हालचाल. पाच वर्षांत त्याने अशी शेकडो चित्रं काढली. कैकदा पकडला गेला, दंड भरला. लोक थांबून विचारायचे, याचा अर्थ काय? तो अर्थ सांगत बसायचा नाही, त्या बाळाचे बिल्ले मात्र वाटायचा.

१९८२ मध्ये टोनी शफ्राझीच्या गॅलरीत त्याचं मोठं प्रदर्शन झालं आणि नाव गाजलं. तशी सबवेत वेगळीच पंचाईत झाली. लोक ते कागद फाडून न्यायला आणि विकायला लागले! सगळ्यांसाठी काढलेलं चित्र कुणा एकाच्या घरात जाऊ लागलं. १९८५ च्या सुमारास त्याने सबवेतली चित्रं थांबवली.

भिंतही, दुकानही, बाटलीही

१९८६ हे वर्ष लक्षात ठेवा, कारण त्याच्याबद्दलचं भांडण याच वर्षात सापडतं.

क्रॅक कोकेनने तेव्हा न्यूयॉर्क पोखरलं होतं. कीथच्या स्टुडिओतला एक तरुण सहकारीही त्यात अडकला होता. कीथने हार्लेममधल्या एका हँडबॉल कोर्टच्या भिंतीवर, पुन्हा परवानगीशिवाय, ‘क्रॅक इज वॅक’ हे भलंमोठं चित्र रंगवलं. पोलिसांनी पकडलं. पण बातम्या झाल्या, लोक त्याच्या बाजूने उभे राहिले. मधल्या काळात ते चित्र बिघडवलं गेलं, पुसलं गेलं. मग त्याच वर्षी, या वेळी महापालिकेच्या परवानगीने, त्याने ती भिंत पुन्हा रंगवली.

त्याच वर्षी लाफाएट स्ट्रीटवर त्याने ‘पॉप शॉप’ उघडलं. टी-शर्ट, बिल्ले, पोस्टर, खिशाला परवडेल असं. त्याच वर्षी बर्लिनच्या भिंतीवर सुमारे ३०० मीटर लांबीची माणसांची साखळी रंगवली, दोन्ही जर्मनींच्या झेंड्यांच्या रंगांत. आणि त्याच वर्षी अॅब्सोल्यूट व्होडकासाठी पिवळ्याधमक रंगावर बाटलीचं चित्रही केलं.

झालं! समीक्षक म्हणाले, पोरगा विकला गेला. तुम्हालाही प्रश्न पडेल, एका हाताने नशेविरुद्ध भिंत आणि दुसऱ्या हाताने दारूची बाटली? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं सोपं उत्तर नाही. क्रॅक आणि दारू त्याच्या लेखी एक नव्हती, हे त्याच्या कामावरून दिसतं. पण बाजाराला हात लावायचा नाही, असं सोवळंही त्याने कधी पाळलं नाही. चित्र जास्तीत जास्त लोकांच्या हातात जावं, ही त्याची ओढ होती. त्यासाठी भिंत, बिल्ला, घड्याळ, बाटली, सगळं त्याला चालायचं.

लेबलची गोष्ट

आता त्या वाइनकडे येऊ. शातो मूटॉन रॉथशिल्ड ही बोर्दोतली नामांकित वाइन. पूर्वी तिकडची वाइन पिंपांतून व्यापाऱ्याकडे जायची आणि बाटलीत तोच भरायचा. फिलिप द रॉथशिल्ड या तरुण मालकाने १९२४ मध्ये ठरवलं, बाटली आमच्याच घरी भरणार. मग बाटलीवर आपली ओळख नको? त्याने जाँ कार्लू या पोस्टर चित्रकाराकडून लेबल करून घेतलं. १९४५ मध्ये युद्ध संपलं तेव्हा विजयाचं चिन्ह लेबलवर आलं आणि तेव्हापासून दरवर्षी नवा चित्रकार, अशी प्रथाच पडली. मानधन रोख नाही, वाइनच्या पेट्या!

१९८८ च्या वाइनचं लेबल कीथचं आहे. मेंढा हे त्या घराण्याचं चिन्ह. कीथने काय केलं? मेंढ्यांना नाचायला लावलं. द्राक्षांचे घोस नाहीत, महाल नाही, सोनेरी नक्षी नाही. फलाटावरून धावताना कळणारी तीच रेष त्याने तळहाताएवढ्या जागेत उतरवली. लेबलचं कामही तेच असतं ना? दुकानातल्या शेकडो बाटल्यांत एका नजरेत ओळखू येणं. स्ट्रीट आर्टचं लेबल म्हणजे स्प्रेचे शिंतोडे आणि वेडीवाकडी अक्षरं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लेबल जरूर बघावं. रस्त्याची नक्कल त्यात कुठेच नाही. रस्त्याने लावलेली शिस्त मात्र पुरेपूर आहे.

वेळ थोडा होता

त्याच १९८८ मध्ये कीथला एड्सचं निदान झालं. तो समलिंगी होता आणि ते त्याने लपवलं नाही. आजारही लपवला नाही. तेव्हा या आजाराचं नाव घ्यायलाही लोक घाबरत. त्याने पोस्टर केलं, तीन माणसं, एकाने डोळे झाकलेत, एकाने कान, एकाने तोंड. १९८९ मध्ये स्वतःच्या नावाची संस्था काढून एड्सग्रस्तांसाठी आणि मुलांसाठी पैशांची सोय लावली. त्याच वर्षी इटलीतल्या पिसात, चर्चच्या मागच्या भिंतीवर ३० आकृत्यांचं ‘तुत्तोमोंदो’ रंगवलं. त्याचं निमित्त काय, तर न्यूयॉर्कच्या रस्त्यावर पिसाच्या एका विद्यार्थ्याशी झालेली ओळख.

१६ फेब्रुवारी १९९० ला तो गेला. वय अवघं ३१. तशी वाइन दीड-दोन वर्षं पिंपात मुरते, मगच बाटलीत भरतात. त्यामुळे नाचणाऱ्या मेंढ्यांची बाटली दुकानात आली तेव्हा ती बघायला कीथ नव्हता.

ती बाटली आज तुमच्या-माझ्या आवाक्यातली नाही, तळघरात जपलेली चैनीची वस्तू आहे ती. हार्लेममधली भिंत मात्र अजून उभी आहे. तिला तिकीट नाही, शेजारून गाड्या धावतात आणि तिथे कुणीही जाऊन उभं राहू शकतं.