झटका नको : स्वामी कुवलयानंद

आपल्यात कंबर-पाठ आखडलेले पुष्कळ आहेत, म्हणून आज स्वामी कुवलयानंदांची आठवण काढतोय.

मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ चा, बडोद्याजवळच्या डभोईचा. बडोद्याला जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली तयार झालेले, म्हणजे कसलेलं शरीर! पुढे अंमळनेरला शिकवू लागले. योग मात्र नर्मदाकाठी मालसरला, परमहंस माधवदासजींपाशी शिकले. गुरूंवर पूर्ण श्रद्धा, तरी बडोद्याच्या दवाखान्यात क्ष-किरण लावून उड्डियान आणि नौली तपासल्या. आम्हाला यातच त्यांचं मोठेपण वाटतं. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभं केलं.

तालमीत वाढलेल्या या माणसाने आसनं मात्र सावकाश, बिनझटक्याची शिकवली. झटक्याने ताणलेला स्नायू उलट आखडतो, हळू ताणला की सैल सुटतो. पश्चिमोत्तानासनात अंगठा हाती आलाच पाहिजे असं नाही, जिथे ताण बसला तिथेच थांबायचं. दोन्ही पाय उचलवत नसतील त्यांना अर्धशलभासन, एकेका पायाने.

१९६६ साली स्वामीजी गेले. कैवल्यधाम आजही चालू आहे.

त्यांच्या पद्धतीच्या भुजंगासनात पाठीनेच वर यायचं असतं, एकेक मणका करत, हातांनी रेटून नाही. काकू-मावश्यांनो, उद्या वर आल्यावर तळवे जरासे उचलून बघा. छाती खाली आली, तर समजा हातच काम करत होते. पाठीचं जुनं दुखणं असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारा हं.