नाना फडणीस : पडद्यामागचा सूत्रधार?

राज्यकर्ता कोणीही असो, त्याची दोरी दुसऱ्याच कोणाच्या हाती असते, असे मानणारे सर्वकाळ भेटतात. रायपूर-भिलाईच्या मधल्या कुम्हारीत चाकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी माणसालाही हा तर्क अपरिचित नाही. मराठी इतिहासात तो ज्यांना सर्वाधिक चिकटला, ते नाना फडणीस.

बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म १७४२ मध्ये साताऱ्यास झाला. पानिपतातून १७६१ मध्ये जीव वाचवून परतलेला हा तरुण पेशव्यांचा फडणीस, म्हणजे हिशेब व दप्तराचा अधिकारी होता. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला. रघुनाथरावांना दूर सारण्यासाठी मुत्सद्दी एकत्र आले. बारभाईंचे कारस्थान ते हेच. १७७४ मध्ये तान्ह्या सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली आणि कारभार हळूहळू नानांच्या हाती एकवटला. ज्येष्ठ सहकारी सखारामबापू बोकील १७७९ मध्ये कैदेत गेले.

तरीही नाना सर्वशक्तिमान नव्हते. इंग्रजांविरुद्ध त्यांनी हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना जोडून घेतले. छत्तीसगडचा हा मुलूख तेव्हा भोसल्यांच्याच अमलात होता. बंगालवर निघालेली भोसल्यांची फौज मात्र ओडिशात रेंगाळली आणि वॉरन हेस्टिंग्जकडून पैसा घेऊन थंडावली. पुण्याची दोरी नागपुरापर्यंतही पोचत नव्हती. उत्तरेत महादजी शिंदे स्वतःच्याच धोरणाने चालत.

खर्ड्याच्या विजयानंतर सात महिन्यांत, ऑक्टोबर १७९५ मध्ये, सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून मृत्यू पावले. नानांच्या करड्या देखरेखीची चर्चा त्या मृत्यूभोवती आजही घोटाळते. १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांनी नानांनाच कैद केले. सुटकेनंतर ते पुन्हा कारभारी झाले आणि १३ मार्च १८०० रोजी निवर्तले. १८०२ अखेर दुसऱ्या बाजीरावांनी वसईचा तह करून इंग्रजांचा आश्रय पत्करला.

नानांची सत्ता गुप्त नव्हती. ती दप्तरात, सर्वांदेखत होती. दोष निराळाच होता. तिला जाब विचारणारी व्यवस्था नव्हती आणि माणूस गेल्यावर कारभार तोलून धरणारी संस्थाही उरली नाही. अदृश्य हाताचा शोध घेण्यात गुंतलेला समाज दृश्य हाताकडून हिशेब मागायचे विसरतो. फाइलीवर रोज सही करणाऱ्यांना तरी हा भेद उमगायला हवा.