गाडगेबाबा आणि बाबासाहेब

वऱ्हाडात अमरावती जिल्ह्यात शेंडगाव नावाचे खेडे आहे. तेथे एका गरीब परीट कुटुंबात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूजीचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले आणि त्या व्यसनानेच त्यांचा अंत झाला. तेव्हा डेबूजी अवघा आठ वर्षांचा होता. आई सखुबाई त्याला घेऊन अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे माहेरी आली. मामाच्या घरी डेबूजीने गुरे राखली, नांगर धरला. शाळा मात्र त्याच्या वाट्यास आली नाही. पुढे सावकाराच्या कपटाने मामाची जमीन गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेला. अज्ञान व व्यसन यांनीच गरिबांचा घात होतो, ही गोष्ट डेबूजीच्या मनावर कायमची कोरली गेली.

१९०५ साली त्याने घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा आणि जवळ फुटके गाडगे, एवढाच त्याचा संसार. लोक त्याला गाडगेबाबा म्हणू लागले. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तनातून लोकांची मने झाडावीत, असा त्यांचा नेम होता. १९२३ साली कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असता तरुण पुत्र गोविंद वारल्याची वार्ता आली. बाबांनी काळजावर दगड ठेवला, पण कीर्तन थांबविले नाही. स्वतःचे दुःख त्यांनी जगाच्या दुःखात बुडवून टाकले.

अशा या निरक्षर साधूचा स्नेह जुळला तो न्यूयॉर्क व लंडन येथे विद्या संपादन केलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांशी. एकाच्या हाती खराटा, तर दुसऱ्याच्या हाती ग्रंथ. वरवर पाहता दोघांत काहीच साम्य नव्हते. परंतु दुःखाची ओळख दोघांनाही होती. बाबासाहेबांनी चार अपत्ये गमावली होती. पत्नी रमाबाई १९३५ साली निवर्तल्या. पंढरपुरास जाण्याची त्यांची इच्छा होती. पण अस्पृश्यांना विठ्ठलमंदिरात प्रवेश नसल्यामुळे ती अपुरीच राहिली.

त्याच पंढरपुरात गाडगेबाबांनी दलित वारकऱ्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा उभारली होती. दलित मुलांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या आपल्या मित्राच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला ती धर्मशाळा त्यांनी देऊन टाकली. जी विद्या आपल्याला लाभली नाही, ती या मुलांना लाभावी, हीच त्यांची तळमळ होती.

१९४९ साली बाबा मुंबईत रुग्णालयात होते. हे कळताच त्या वेळी भारताचे कायदेमंत्री असलेले बाबासाहेब दोन कांबळी घेऊन त्यांच्या भेटीस गेले. बाबा कोणाकडून कधी काही घेत नसत. ती कांबळी मात्र त्यांनी स्वीकारली. लाखो रुपयांच्या देणग्या धर्मशाळांकडे वळविणाऱ्या त्या विरक्त पुरुषाने स्वतःसाठी घेतलेली ती मायेची ऊब होती.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे निधन झाले. त्या वार्तेने आजारी बाबा व्याकुळ झाले. पुढे अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर रोजी, अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीकाठी त्यांनीही देह ठेवला. ज्या डेबूजीला शाळा लाभली नाही, त्याचेच नाव आज अमरावतीचे विद्यापीठ अभिमानाने धारण करीत आहे.