ॲव्हलॉनचा गवई

मिसिसिपी जॉन हर्ट हे नाव आपल्याकडे फारसे कुणाच्या कानावरून गेलेले नसेल. अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांनी जी गाणी जन्माला घातली, त्यांना ‘ब्लूज’ म्हणतात. हर्ट त्याच मातीतला. मिसिसिपी राज्यातील ॲव्हलॉन ह्या चिमुकल्या खेड्यात तो वाढला. शाळा लहानपणीच सुटली. गिटार मात्र नवव्या वर्षी हाती आली आणि कुणा उस्तादाकडे न बसता तो ती शिकला. दिवसा शेतात राबायचे नि रात्री गावच्या नाचगाण्यात वाजवायचे, हा त्याचा क्रम.

विली नार्मर हा तिथलाच एक गोरा फिडलवादक. त्याने ‘ओके’ ह्या तबकड्यांच्या कंपनीकडे हर्टचे नाव सुचवले. १९२८ साली आधी मेम्फिसला व मग थेट न्यूयॉर्कला त्याची गाणी मुद्रित झाली. त्या अफाट शहरात त्याला गावाची ओढ लागली आणि त्याने ॲव्हलॉनवरच एक गाणे रचले. पण तबकड्या खपल्या नाहीत. पुढच्याच वर्षी मंदी आली आणि आमचा गवई पुन्हा शेतात!

पुढच्या चौतीस-पस्तीस वर्षांना त्याचा अज्ञातवास म्हणण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. माझे वडील शेतमजूर आहेत. दिवसभर खुरपे धरणारी त्यांची बोटे रात्री भजनात पखवाजावर कशी चालतात, ते मी रोज पाहतो. हर्टही गावात वाजवीतच होता. जग ऐकत नव्हते, एवढेच.

१९६३ साली टॉम हॉस्किन्स ह्या तरुणाने ते जुने गाणे ऐकले. ॲव्हलॉन हे नाव नव्या नकाशांत नव्हते. एका जुन्या नकाशात सापडले. तो दारात उभा राहिला तेव्हा हर्टला वाटले, पोलीसच आले! त्याच वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात सत्तरीच्या ह्या म्हाताऱ्याने हजारो श्रोत्यांना जिंकले. आवाज मऊ, संथ. अंगठ्याने खर्जाचा ठेका चालू आणि बाकीच्या बोटांत गाण्याची चाल. मग मैफली झाल्या, नव्या तबकड्या निघाल्या.

हे वैभव तीनच वर्षे टिकले. २ नोव्हेंबर १९६६ रोजी मिसिसिपीतच ग्रेनाडा येथे त्याचे निधन झाले. त्याच्या राहत्या घराचे पुढे संग्रहालय केले होते. २०२४ साली ते आगीत जळाले.