सोहळ्याआधीच पेपरात निकाल फुटला आणि हॅटी मॅकडॅनियल ऑस्कर जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय कलाकार ठरली

ऑस्करच्या आधीचे दोन-तीन आठवडे तुमच्या फीडवर काय चालू असतं ते आठवा. कोण जिंकणार, कोण जिंकायला हवं, कुणावर अन्याय होणार. ग्रुपवर पैजा लागतात. ज्यांनी नामांकनातले दोनच पिक्चर बघितलेत तेही छातीठोकपणे नावं सांगतात. (मीही त्यातलीच.)

तसा आता हा अंदाज बांधणं बऱ्यापैकी सोपं झालंय. गोल्डन ग्लोब, बाफ्टा, हॉलिवूडच्या कलाकार संघटनेचे पुरस्कार हे सगळं ऑस्करच्या आधी उरकतं. तिथं कोण जिंकलं ते बघायचं आणि तेच नाव पुढं सरकवायचं. बऱ्याचदा बरोबर येतं.

1940 मध्ये यातलं काहीच नव्हतं. गोल्डन ग्लोब सुरू व्हायला अजून चार वर्षं होती, बाफ्टाची स्थापना 1947 ची आणि कलाकार संघटनेचे पुरस्कार तर थेट 1995 मध्ये आले. न्यूयॉर्कच्या समीक्षकांचे पुरस्कार होते, पण त्यात सहाय्यक अभिनेत्रीचा विभागच नव्हता. म्हणजे अंदाज बांधायला हाताशी फारसं काही नाही. तरीही 29 फेब्रुवारी 1940 च्या रात्री लॉस एंजेलिसच्या अ‍ॅम्बेसेडर हॉटेलात जमलेल्या बऱ्याच पाहुण्यांना सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर कुणाला जाणार हे आधीच माहीत होतं. अंदाज नव्हे, पक्की बातमी. पेपरात छापून आली होती.

झालं असं की, त्या काळी अकॅडमी विजेत्यांची यादी वर्तमानपत्रांना आधीच देऊन ठेवायची, म्हणजे त्यांना सकाळचा अंक वेळेत काढता यायचा. अट एकच होती, रात्री अकराच्या आत छापायचं नाही. त्या वर्षी 'लॉस एंजेलिस टाइम्स'नं ती अट मोडली आणि पावणेनऊच्या आवृत्तीत यादी छापून टाकली. पाहुणे सोहळ्याला येता येता निकाल वाचत होते. अकॅडमी भडकली आणि पुढच्या वर्षी, म्हणजे 1941 पासून, सीलबंद पाकिटं सुरू झाली. आज स्टेजवर पाकीट फोडताना आपला श्वास अडकतो ना, त्याचं मूळ या फुटलेल्या बातमीत आहे.

त्या यादीत एक नाव होतं हॅटी मॅकडॅनियल. ऑस्करला तेव्हा अकरा वर्षं होत आली होती आणि तोवर एकाही कृष्णवर्णीय कलाकाराला साधं नामांकनही मिळालं नव्हतं.

हॅटीचा जन्म 1893 मध्ये कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावचा. तेरा भावंडांत ती शेंडेफळ. आई-वडील दोघंही गुलामगिरीत जन्मलेले. वडील हेन्री अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडून लढले होते, आई सुझन चर्चमध्ये गायची. पोटासाठी हे कुटुंब कोलोरॅडोत गेलं, आधी फोर्ट कॉलिन्सला आणि मग डेन्व्हरला. शाळेत असताना, 1910 मध्ये, हॅटीनं एका स्पर्धेत कविता म्हणून पदक मिळवलं आणि त्यानंतर तिचं लक्ष स्टेजवरून हललं नाही. भाऊ ओटिसच्या फिरत्या कार्यक्रमात ती गाणी लिहायची, गायची, लोकांना हसवायची. 1914 मध्ये बहीण एटाबरोबर तिनं फक्त बायकांचा संच काढला.

पुढं ती जॉर्ज मॉरिसन यांच्या बँडबरोबर गावोगाव फिरली, डेन्व्हरच्या रेडिओवर गायली, शिकागोत तिच्या गाण्यांच्या रेकॉर्ड निघाल्या. अमेरिकेत रेडिओवर गायलेल्या अगदी सुरुवातीच्या कृष्णवर्णीय स्त्रियांत तिचं नाव घेतात. सगळं जमून येतंय असं वाटत होतं आणि 1929 मध्ये शेअर बाजार कोसळला. कार्यक्रम बंद पडले. रेडिओवर गायलेल्या या बाईला मिलवॉकीजवळच्या एका क्लबात बायकांच्या टॉयलेटमध्ये अटेंडंटचं काम धरावं लागलं. क्लबात स्टेजवर फक्त गोरे कलाकार असायचे. पण एका रात्री गायला कुणी उरलं नव्हतं, हॅटी पुढं झाली आणि तिनं मैफल अशी जिंकली की मालकानं तिला टॉयलेटमधून काढून स्टेजवर ठेवलं.

1931 मध्ये ती लॉस एंजेलिसला आली. भाऊ सॅम आधीपासून तिथं रेडिओवर होता, त्यानं तिला आपल्या कार्यक्रमात घेतलं. कार्यक्रम गाजला, पण मानधन इतकं तुटपुंजं की घर चालवायला ती लोकांकडे मोलकरीण म्हणून काम करायची. दिवसा खरी मोलकरीण, आणि सिनेमात संधी मिळाली तर तिथंही मोलकरीणच. तेव्हाच्या हॉलिवूडकडे तिच्यासारख्या दिसणाऱ्या बाईला द्यायला दुसरी भूमिका नव्हती. त्यातूनही तिनं जागा काढली. मे वेस्ट, शर्ली टेंपल, कॅथरीन हेपबर्न अशा स्टार्सच्या सिनेमांत ती दिसायला लागली. 1935 च्या 'अ‍ॅलिस अ‍ॅडम्स'मध्ये बड्या घरचा थाट आणायला एका रात्रीपुरती भाड्यानं आणलेली, जेवण वाढताना कंटाळलेली मोलकरीण तिनं अशी केली, की त्या प्रसंगात तुमची नजर हेपबर्नवरून तिच्याकडे सरकते. ते बघाच एकदा.

मग आला 'गॉन विथ द विंड'. मार्गारेट मिचेलच्या तुफान खपलेल्या कादंबरीवरचा सिनेमा, निर्माता डेव्हिड सेल्झनिक. यातली मॅमी ही नायिका स्कार्लेटला लहानाचं मोठं केलेली गुलाम बाई. ही भूमिका मिळवायला अनेक जणी रांगेत होत्या. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी व्हाइट हाऊसमध्ये काम करणाऱ्या एका बाईचं नाव पत्रानं सुचवल्याचं सांगतात. हॅटी स्क्रीन टेस्टला मोलकरणीचा खराखुरा पोशाख घालून गेली आणि भूमिका तिची झाली.

सिनेमाचा प्रीमियर 15 डिसेंबर 1939 ला अटलांटात झाला. जॉर्जिया राज्यात वंशभेदाचे कायदे होते, कृष्णवर्णीयांना त्या थिएटरात गोऱ्यांबरोबर बसता येत नव्हतं. त्यामुळे हॅटीला जाताच आलं नाही. नायक क्लार्क गेबल तिचा मित्र. त्यानं आपणही जाणार नाही असा हट्ट धरला आणि शेवटी हॅटीनंच समजूत काढून त्याला पाठवलं, असं सांगितलं जातं.

आता नामांकनाकडे येऊ. आपल्या सिनेमाची कौतुकं छापून आलेली कात्रणं घेऊन हॅटी स्वतः सेल्झनिकच्या ऑफिसात गेली आणि तो गठ्ठा त्याच्या टेबलावर ठेवला, असा किस्सा आहे. तिचं नाव सहाय्यक अभिनेत्रीच्या विभागात गेलं. पण त्याच विभागात त्याच सिनेमातली ऑलिव्हिया डी हॅव्हिलंडही होती. गोरी, देखणी आणि भूमिकाही हॅटीपेक्षा मोठी. शिवाय जेराल्डीन फिट्झजेराल्ड, एडना मे ऑलिव्हर आणि मारिया ऑस्पेन्स्काया.

अंदाज बांधणाऱ्यांचा एक जुना नियम आहे. एकाच सिनेमातले दोघं एकाच विभागात आले की मतं फुटतात आणि तिसऱ्याचं फावतं. इथं तो नियम लागू पडला असता तर कुणालाच आश्चर्य वाटलं नसतं. सिनेमाची लाट होती, हे खरं. एकूण 13 नामांकनं होती. पण लाटेचाही भरवसा नव्हता, कारण त्याच रात्री क्लार्क गेबल हरला आणि 'गुडबाय, मिस्टर चिप्स'साठी रॉबर्ट डोनॅट जिंकला. मतदारांनी मॅमी मात्र विसरू दिली नाही.

पण निकाल पेपरात आला तरी हॉटेलचा नियम तिथंच होता. अ‍ॅम्बेसेडरमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. हॅटीला आत घ्यावं म्हणून सेल्झनिकला खास विनंती करावी लागली. सिनेमाची सगळी मंडळी एका मोठ्या टेबलाभोवती बसली होती. हॅटीचं टेबल वेगळं, छोटं, लांब भिंतीला लागून. तिच्याबरोबर तिचा सोबती आणि तिचा एजंट. केसांत पांढरी गार्डेनियाची फुलं माळलेली. जिची जीत अर्ध्या हॉलला आधीच ठाऊक होती, तिला त्याच हॉलच्या कोपऱ्यात बसवलं होतं.

आदल्या वर्षीची विजेती फे बेंटर हिनं नाव पुकारलं. हॅटी एवढं लांबचं अंतर चालत स्टेजवर आली आणि थोडक्यात बोलली. आपल्या समाजाला आणि सिनेसृष्टीला आपला अभिमान वाटत राहावा, एवढीच तिची इच्छा होती. तिचे डोळे भरून आले आणि ती खाली उतरली. हातात ती सोनेरी बाहुली नव्हती. सहाय्यक कलाकारांना तेव्हा छोटा फलक मिळायचा.

त्या रात्री कुणी अंदाज विचारला असता तर सगळे म्हणाले असते, आता हॅटीला मोठ्या भूमिका मिळणार. इथं मात्र सगळे साफ चुकले असते. तिला पुन्हा मोलकरणीच मिळाल्या. मोजदाद करणारे तिच्या अशा भूमिकांचा आकडा सत्तरच्या पुढं नेतात. दुसरीकडे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना एनएएसीपी आणि तिचे नेते वॉल्टर व्हाइट तिच्यावरच नाराज होते. गुलामीत सुखी असलेली मॅमी रंगवून हॅटी आपल्याच लोकांची बदनामी करते, असा त्यांचा आक्षेप. हॅटीचं उत्तर पोटाचं होतं. मोलकरणीचं काम खरोखर करण्यापेक्षा पडद्यावर केलेलं बरं, पैसे शंभर पटीनं जास्त मिळतात, अशा अर्थाचं ती बोलायची.

मला विचाराल तर दोघंही बरोबर होते. सिनेमा गुलामगिरीवर गुलाबी रंग चढवतो, यात वाद नाही. पण टॉयलेटबाहेर टॉवेल घेऊन उभं राहिलेल्या बाईला भूमिका नाकार म्हणणंही सोपं नाही.

आणि हॅटी लढली नाही असं तर अजिबात नाही. तिची लढाई पडद्याबाहेर झाली, जी फार कमी जणांना माहीत आहे. 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला तिनं लॉस एंजेलिसच्या वेस्ट अ‍ॅडम्स भागात मोठं घर घेतलं. या वस्तीला पुढं शुगर हिल म्हणायला लागले. अभिनेत्री लुईस बीव्हर्स आणि एथेल वॉटर्सही तिथं राहायला आल्या. पण तिथल्या जुन्या खरेदीखतांमध्ये एक कलम होतं, ही घरं फक्त गोऱ्यांना विकायची. काही गोऱ्या रहिवाशांनी या कलमाच्या जोरावर कृष्णवर्णीय शेजाऱ्यांना घराबाहेर काढण्यासाठी कोर्टात केस टाकली. हॅटीनं शेजाऱ्यांना गोळा केलं, आपल्या घरी बैठका घेतल्या. वकील होते लोरेन मिलर. डिसेंबर 1945 मध्ये न्यायाधीश थर्मंड क्लार्क यांनी अमेरिकी राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचा आधार घेत ती केस फेटाळली. 1948 मध्ये सुप्रीम कोर्टानं अशी कलमं कोर्टाकरवी अमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला, तेव्हाही वकिलांत मिलर होते. हॅटीचं घर वाचलं. निव्वळ ऑस्करच्या जोरावर ते वाचलं नसतं.

1947 मध्ये ती 'ब्यूला' या रेडिओ मालिकेची नायिका झाली. पुन्हा मोलकरीणच, पण या वेळी मालिका तिच्या नावावर. टीव्हीवर ही भूमिका आधी एथेल वॉटर्सनं केली, मग हॅटीनं काही भाग चित्रित केले. तेवढ्यात स्तनाच्या कॅन्सरनं गाठलं. 26 ऑक्टोबर 1952 ला ती गेली. वय 59.

हॉलिवूडच्या दफनभूमीत आपल्याला पुरावं, अशी तिची इच्छा होती. तिथं अनेक मोठे स्टार विसावले होते. पण ती दफनभूमी फक्त गोऱ्यांसाठी होती. हॅटीला रोझडेल दफनभूमीत पुरलं. 1999 मध्ये नव्या मालकानं तिला हॉलिवूडच्या दफनभूमीत आणायची तयारी दाखवली, तेव्हा कुटुंबानं कबर हलवायला नको म्हटलं. मग तिथं तिचं स्मारक उभं राहिलं.

फलक तिनं मृत्युपत्रात वॉशिंग्टनच्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीला दिला होता. तो तिथं पोहोचला आणि 1960-70 च्या आसपास कधीतरी गायब झाला. कुणी चोरला, कुणी फेकला, की नुसता कुठल्या खोक्यात हरवला, यावर आजही नुसत्या कहाण्या आहेत. आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया आठवतात. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी मिळालेलं ऑस्कर आपल्यामागं नीट सांभाळलं जाणार नाही या काळजीनं त्यांनी 2012 मध्ये ते अकॅडमीकडेच परत पाठवलं होतं. तेव्हा अनेकांना ते विचित्र वाटलं होतं.

हॅटीनंतर अभिनयाच्या स्पर्धेत पुढचं कृष्णवर्णीय नामांकन यायला दहा वर्षं लागली. ते मिळालं तिच्याच शेजारणीला, एथेल वॉटर्सला. दुसरी कृष्णवर्णीय अभिनेत्री ऑस्कर जिंकायला 1991 उजाडलं, 'घोस्ट'साठी वूपी गोल्डबर्ग. 2010 मध्ये मोनिक जिंकली तेव्हा तिनं हॅटीची आठवण म्हणून केसांत गार्डेनिया माळला होता.

1 ऑक्टोबर 2023 ला अकॅडमीनं हॉवर्ड युनिव्हर्सिटीला हॅटीच्या फलकाची नवी प्रत दिली. मूळ फलक अजून सापडलेला नाही.