आशावादी उद्योगपती शेठ वालचंद हिराचंद

मोरगावच्या श्रीमयूरेश्वरास वंदन करून, आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसविणाऱ्या आशावादी पुरुषाचे चरित्र ज्ञातिबांधवांच्या मुलाबाळांसाठी संक्षेपाने देतो.

वालचंदांचा जन्म १८८२ साली सोलापुरास झाला. वडिलांच्या पेढीवर मन रमेना, म्हणून फाटक यांच्या भागीदारीत ते रेल्वेच्या ठेकेदारीत शिरले. १९१९ साली मित्रांसह सिंदिया कंपनी स्थापून त्यांनी 'लॉयल्टी' ही जुनी आगबोट ग्वाल्हेरच्या महाराजांकडून विकत घेतली. ५ एप्रिल रोजी ती मुंबईहून विलायतेस निघाली. परंतु ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडले, बोट तोट्यात गेली व १९२३ साली मोडीत निघाली.

जुनी बोट घाईने घेतली, हा दोष त्यांच्याकडे येतोच. आम्हा शिक्षकांना तर असे धाडस स्वप्नातही झाले नसते! मात्र बोट गेली तरी त्यांनी कंपनी सोडली नाही. पुढे कळंबच्या माळावर ऊस पिकविला, साखर कारखाना उभारला. १९४१ साली विशाखापट्टणमास जहाजे बांधण्याच्या गोदीची पायाभरणी झाली. तेथे बांधलेली 'जलउषा' १९४८ साली पाण्यात उतरली. त्यानंतर पाच वर्षांनी, १९५३ साली, शेठजी निवर्तले.